तिसरा तुकडा

चार माणसं माझ्या एका बोटामुळे गेली असतील, असं मी इतकी वर्षं मनात म्हणत आले.

आज दुपारपासून त्यातलं 'असतील' निघून गेलंय.

तात्या गेले. पहाटे, पारनेरला, राहत्या घरी.

इथं फेसबुकवर तात्या कुणालाच माहीत नसणार. माझ्या मुलांनासुद्धा मी 'कारखान्यातले तात्या' यापलीकडे काही सांगितलेलं नाही. आज सांगते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नगरला ब्रेक लायनर, म्हणजे ब्रेकमध्ये घासून गाडी थांबवणारी पट्टी, बनवणारा एक छोटा कारखाना होता. मी नुकतीच बीएस्सी झालेली, तिथल्या लॅबमध्ये टेम्पररी. सगळ्या लॅबमध्ये बाई मी एकटी.

तिथं एक मशीन होतं. लोखंडी ड्रम गरगर फिरायचा, त्यावर लायनरचा तुकडा दाबून धरायचा, आणि घर्षण किती ते काटा दाखवायचा. काटा खाली राहिला, तर तो ब्रेक धरणार नाही. साधा हिशेब.

ते मशीन खरं सांगतंय की नाही, हे तपासणं तात्यांचं काम. रोज सकाळी ड्रम स्पिरिटने पुसायचे. मग लाकडी डबीतून मास्टर तुकडा काढायचे, त्याचं रीडिंग आधीच ठरलेलं. काटा बरोब्बर तिथं आला तरच दिवस सुरू. नाही आला, तर साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप, मशीन बंद!

पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "ड्रमला हात लावू नगा बाई. बोटाला तेल असतंया. काटा लगीच खोटं बोलाया लागतो."

मी हसले होते.

खंडेनवमी आली. कारखान्यातल्या एकूण एक मशीनची पूजा. बाई मी एकटी, म्हणून हळदी-कुंकवाचं काम माझ्याकडे. कुंकू चिकटावं म्हणून त्यात थोडं तेल कालवलेलं. मी आपली घाईघाईत बोटं ओढत गेले. कपाटाला, वजनकाट्याला, मोटरला.

आणि ड्रमला.

लक्षात आलं तसं पटकन पदराने पुसून टाकलं. कुणी बघितलं नाही, असं मला वाटलं.

पेढे वाटून होतात न होतात तोच कारखान्याचे ऑफिसर आले. एक लॉट आजच्या आज जायलाच हवा, ट्रक दारात उभा आहे.

तात्यांनी लॉटमधून तीन तुकडे काढले. पहिला लावला. काटा खाली. दुसरा लावला, तोही खाली.

"सकाळी मशीन बराबर हुतं," तात्या म्हणाले. "ड्रमला कुनी हात लावला?"

फरशीवर झेंडूची एक पाकळी पडली होती, तिच्याकडे बघत उभी राहिले.

ऑफिसर हसले. "अहो, पूजेचं तेल लागलं असेल. माल चांगलाच आहे. करा सही."

"ड्रम धुतो, मास्टर लावून बघतो, मग ह्यो तिसरा तुकडा लावतो. तासाभराचं काम हाय."

"तास कुठंय? आणि उशिराचं कारण काय देऊ वर? ड्रम कुणी खराब केला ते लिहून द्या, त्याला आत्ताच्या आत्ता घरी पाठवतो."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, माझ्या पदराकडे.

आमच्या घरात तेव्हा माझाच एक पगार होता. तात्यांना ते माहीत होतं.

त्यांनी सही केली. न तपासता केलेली ती त्यांची एकच सही. तिसरा तुकडा खिशात टाकला आणि माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाले,

"पदराला डाग पडलाय बाई. धुऊन टाका."

दिवाळीनंतर पेपरात बातमी आली. तिसगावकडची माणसं ट्रकने ऊसतोडीला निघाली होती. घाटात ब्रेक लागला नाही. चौघं गेली.

ड्रायव्हर वाचला. तो एकच सांगत होता, लायनर आठ दिवसांपूर्वी नवे टाकलेत.

कुठल्या कारखान्याचे, हे त्याला कुणी विचारलंच नाही. पण तिसगावला गेलेला माल आमच्या त्याच लॉटचा होता, हे मला माहीत होतं.

मी तात्यांना गाठलं. "तात्या, तो तिसरा तुकडा लावून बघा ना. चांगला निघाला तर..."

"हरावला त्यो."

"असा कसा हरवेल?"

"हरावला म्हनलं ना बाई. परत इचारू नगा."

मास्टर तुकड्याची डबी पोटच्या पोरासारखी जपणारा माणूस. त्याच्याकडून तुकडा हरवला, हे मी मुकाट मानलं. मला ते सोयीचं होतं.

त्यानंतर तात्या दिवसातून तीनदा मशीन तपासायचे. लोक टिंगल करायचे, म्हातारा चळला म्हणून. खंडेनवमीला तर पूजा संपेपर्यंत ड्रमला पाठ लावून उभे राहायचे.

मी लग्न करून पुण्याला आले. मग घरोघरी फोन आले, तसा दर खंडेनवमीला त्यांचा फोन यायला लागला.

"बरं हाय ना बाई?"

"बरं आहे तात्या."

बस्स. त्या रात्री मला हमखास तो ड्रम दिसायचा, फिरणारा, आणि त्यावर माझं लाल बोट.

आज पारनेरला सगळं आटोपल्यावर त्यांच्या सुनेने माझ्या हातात तंबाखूची डबी दिली. "तात्या म्हनले हुते, ही बाईंनाच द्या."

आत लायनरचा तुकडा. कडेला पेन्सिलीने लॉटचा नंबर, तात्यांच्या अक्षरात.

एक बाजू खरबरीत. दुसरी बाजू गुळगुळीत, चकाकणारी.

ड्रमवर घासल्याशिवाय लायनरला ती चकाकी येत नाही. मी लॅबमध्ये असे शेकड्याने तुकडे पाहिलेत.

म्हणजे त्यांनी तो लावून बघितला होता. ड्रम धुऊन, मास्टर लावून, एकट्याने. काटा कुठं थांबला, ते कुठंच लिहिलेलं नाही.

चांगलं रीडिंग आलं असतं, तर हा माणूस त्याच पावली धावत मला सांगायला आला असता. म्हणजे माल खरंच खराब होता, आणि माझ्या तेलाचं निमित्त नसतं तर पहिल्या दोन तुकड्यांवरच तो अडला असता.

तात्या, मला तुमचा राग आलाय. फेकून का नाही दिलात हो हा तुकडा? पण खोटं रीडिंग मागे ठेवून जाणं तुम्हाला जमलं नसतं, हेही कळतंय.

कुंकू मी लावलं होतं. गप्प मी बसले होते. ती सही तुमची नव्हतीच, माझी होती.

आता ती माझ्याकडे राहू दे. तुम्ही निवांत पडा, तात्या.