सुंभाचं घर

घर कसं बांधावं हे आमच्या मामांइतकं कुणालाच कळत नाही, आणि त्यांनी आजवर एक चिराही रचलेला नाही. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. तीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते, लग्न राहूनच गेलं. आता मालवणात भाड्याच्या खोलीत राहतात आणि रोज सकाळी गावच्या जमिनीत जाऊन 'आपल्या घरात' बसून येतात. घर म्हणजे चार-सहा खुंट्या आणि त्यांना ताणून बांधलेला सुंभ. त्याच्या आत पडवी, माजघर, स्वयंपाकघर, सगळं आहे. मी एकदा सरळ माजघरात पाऊल टाकलं, तर केवढ्याने ओरडले, "गो बाय, थंय भित आसा! दारातसून ये. आणि चपला भायर काड." मी निमूट वळसा घातला आणि काट्याकुट्यांत अनवाणी पाहुणी म्हणून उभी राहिले. पुढे कुणी तरी सांगितलं, जागा खाडीला फार जवळ पडते, परवानगी मिळायची नाही. मामांनी एका सकाळीत एकट्याने अख्खं घर चाळीस पावलं मागे नेलं. स्वयंपाकघरात काजूचं झाड आलं, तर म्हणाले, "बरा झाला, सावली मेळतली."

पण खरी अडचण सातबाऱ्याची. त्यावर सत्तावीस नावं, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय घराला हात लावता येत नाही. मग संमतीपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून मामा नातेवाइकांच्या मागे लागले. लग्न असो, बारसं असो, मामा सगळ्यांच्या आधी हजर. एक चुलतभाऊ "करतो रे, करतो" म्हणता म्हणता गेले, आणि त्यांच्या एका नावाच्या जागी पाच वारसांची नावं लागली. दुसरा कोणी डोकं धरून बसला असता. मामांनी पाचही जणांचे पत्ते घेतले, कुणाला कोळंबी चालत नाही तेही विचारून ठेवलं, आणि मला म्हणाले, "कुटुंब वाढला गो!" आम्ही सगळे त्यांना हसायचो. मीसुद्धा.

आई गेल्यावर तिच्या जागी माझं नाव लागलं. गेल्या महिन्यात मामा कणकवलीला आमच्याकडे आले. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त माझी राहिली होती. मी लगेच पेन आणलं. मामांनी कागदावर तळहात ठेवला.

"आयज नको. पुढच्या म्हयन्यात येतंय मी."

"अहो मामा, मग घर?"

"घर होतला गो. पण तुझी सही झाली काय मगे माका कोणाकडे जावचा आसा?"

मी पेन बंद केलं, त्यांना भात वाढला, आणि दुपारी स्टँडवर सोडायला गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीतून हात हलवला. मीही हलवला. सही झाल्यावरही या, दर महिन्याला या, एवढं तरी म्हणायला हवं होतं मी. हे सुचलं तेव्हा मालवणची गाडी निघून गेली होती.