धोंडुबाईंचा वाळा

कोरेगाव तालुक्यातल्या एका माळाच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेची शाळा आहे. धोंडुबाई तिथं आठ वर्षं मुलांची खिचडी शिजवायच्या. पावसाळा आला की माळावरचं आणि पत्र्यांवरचं सगळं पाणी पटांगणातून धावत यायचं, दुसरीच्या वर्गात शिरायचं, आणि तांदळाची पोती विटांवर चढवता चढवता धोंडुबाईंची कंबर धरायची.

शेवटी गावानं सिमेंटचं गटार बांधलं. शाळा कोरडी राहिली, पण पाणी सरळ भिंतीपलीकडं रंगुबाईंच्या गोठ्यात घुसलं. दोन शेळ्या रात्रभर गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. रंगुबाई धोंडुबाईंची जुनी मैत्रीण. गटार काही धोंडुबाईंनी बांधलं नव्हतं, तरी रंगुबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. धोंडुबाईंच्या ते फार जिव्हारी लागलं.

मुख्याध्यापिका चारुशीलाबाई गटार आणखी लांब न्यायचा विचार करत होत्या. धोंडुबाई हात पुसत त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आवं बाई, पाण्याला फुडं ढकलून काय व्हणार? त्याला जरा बसायला जागा द्या. माझ्या म्हायारी वड्याच्या कडंला वाळ्याचं गवात हाय. कितीबी पाणी येऊ दे, माती हलत न्हाई."

चारुशीलाबाई म्हणाल्या, "मावशी, मग तुम्हीच दाखवा कसं करायचं ते."

पटांगणाच्या खालच्या कोपऱ्यात पालकांनी ढोपरभर खोल, पसरट खळगा खणला. गटार मध्येच फोडून त्यात वळवलं. धोंडुबाईंनी माहेरहून वाळ्याचे ठोंब आणले, काठाला निर्गुडीच्या फांद्या खोचल्या. पण आठ दिवसांत मोठी सर आली आणि निम्मे ठोंब वाहून गेले. काही पालक हसले. डबकं होईल, डास होतील, असंही कोणी म्हणालं. धोंडुबाई दोन दिवस मान खाली घालून खिचडी ढवळत राहिल्या. मग त्यांना आपली चूक उमगली. ठोंब विरळ लावले होते, आणि पाणी जिथं खळग्यात पडतं तिथं दगडच नव्हते. श्रावणात पाऊस नरमला तसे त्यांनी दगड रचले आणि उताराला आडव्या, दाट ओळी पुन्हा लावल्या.

पुढच्या वर्षापर्यंत वाळा कमरेला लागला. जोराचा पाऊस झाला की खळगा भरायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी मुरमात जिरून जायचं. डासांच्या अळ्यांना वाढायला सवडच मिळाली नाही. वर्ग कोरडा, पोती कोरडी, पलीकडचा गोठाही कोरडा.

आषाढातल्या एका सकाळी रंगुबाई स्वयंपाकखोलीच्या दाराशी आल्या. चौकटीला हात टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन ठोंब दे की. गोठ्यामागं लावीन म्हंते."

धोंडुबाईंनी आधी त्यांना चहा दिला. मग दोघींनी मिळून टोपलीभर ठोंब काढले.

त्याच आठवड्यात चारुशीलाबाईंनी चौथीचा वर्ग खळग्याकाठी बसवला आणि शिकवायला धोंडुबाईंना बोलावलं. तिसरीत शाळा सुटलेल्या धोंडुबाई आधी पदर चाचपत राहिल्या. मग एक ठोंब खणून त्यांनी मुळं मुलांपुढं धरली, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांचं सांगणं चालूच होतं.