वैशाखातली शेगडी

लढाईच्या दिवसांत तिसगावला, माहेरी, मला मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आली. सव्वा महिन्यानं ती उचलतात, पण मला वैशाखातही थंडी वाजायची, म्हणून मीच ती राहू दिली. अंग सुजल्यासारखं भरलं, केस गळाले, आवाज घोगरा झाला. बायका बघायला येत आणि आईला म्हणत, "पोरीला बाळंतपण लई मानवलं." आई खूश होऊन डिंकाचा आणखी एक लाडू माझ्यापुढं करी. त्या बायकांचा मला संताप यायचा, पण भांडायला अंगात त्राण नव्हतं.

धगीनं लेकीला घामोळं आलं, तेव्हा आई तिला घेऊन ओसरीवर निजू लागली. लेक माझ्याकडं यायची ती प्यायला तेवढी.

सासरी जाण्याजोगी मी झालेच नाही. वर्ष उलटल्यावर नगरच्या डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला आणि आतली ग्रंथी मंदावलीय म्हणून सांगितलं. त्यांनी मेंढ्याच्या ग्रंथीपासून केलेल्या गोळ्या दिल्या. कशाच्या आहेत ते मी घरी बोलले नाही. हळूहळू थंडी गेली, वजन उतरलं, रुतलेल्या बांगड्या मनगटावर सैल झाल्या.

एका सकाळी मी शेगडी परसात नेऊन उपडी केली आणि लेकीला घ्यायला ओसरीवर गेले. ती आजीच्या पदराआड लपली.

"आगं, आई हाय ती तुझी," आई हसत म्हणाली.

लेकीनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि "आई" म्हणत आजीच्या गळ्याला मिठी मारली.