दहा हजार सात चिंचोके

सुग्रीव मेला तवा मी रडले न्हाई. चिडले. असा हट्टी मानूस जल्मात दुसरा बघितला न्हाई मी.

निजामाच्या राजातली गोष्ट हाय. सोयरीक जुळवताना पोरीच्या बापानं नवऱ्या मुलाला कोडं घालायचं, ही आमच्या तेलगावची रीत. सुग्रीवनं मला मागनी घातली. मोमिनाबादेत मुन्शीजवळ हिशेब शिकलेला गडी, पन जिमीन इतभर न्हाई. माज्या बापाला, आप्पाला, तो नको होता. तोंडावर न्हाई म्हनायची धमक नव्हती, म्हनून माठभर चिंचोके फुडं ठेवले.

"दहा हजार सात हायेत. सारके ढीग घाल. समद्याचा एकच ढीग न्हाई चालायचा, अन एकेक सुटा बी न्हाई."

सुग्रीव वसरीवर बसला. दोनाचे, तिनाचे, साताचे, तेराचे ढीग घातले. दर येळी काई ना काई उरायचंच. दिवस कलला तवा उठला.

"आप्पा, ह्याचे सारके ढीग होतच न्हाईत."

"समदे करून बघितलेस?"

"शंभरापतुर बघितले. फुडं गरज न्हाई. ढीग शंभराच्या वर गेले, तर एकेकात शंभराहून कमी चिंचोके येनार. तसं जमनारं असतं तर आदीच घावलं असतं."

"आळशी हाय बे तू," आप्पा हसला. "दहा हजारापतुर बघ, मग बोल."

मी पान्याचा तांब्या घेऊन गेले. हळूच म्हनलं, "आरं येड्या, एक चिंचोका गिळ की! बरुबर दोन ढीग व्हत्यात. कोन मोजतंय?"

"न्हाई छबू. भाग जात न्हाई म्हंजी जात न्हाई. खोटं कावून बोलू?"

पानी पिला अन गेला. आग लागो त्या खरेपनाला!

मग युसूफ वडगावचे भगवानराव आले. शंभर-शंभराचे शंभर ढीग घातले अन उरलेले सात खिशात टाकले. आप्पानं बघितलं, तरी म्हनला, "लई हुशार पोरगं!" सुपारी फुटल्यावर भगवानरावांनी ते सात हसत माठात टाकले. मला हळद लागली. लग्नात सुग्रीवनं आप्पाजवळ तो माठ मागितला. त्येवढंच मागितलं मेल्यानं.

भगवानरावांसंगं उभा जल्म काढला. जे नडलं ते खिशात, हीच त्यांची हुशारी. अन भाग न जानारा तो आकडा आप्पाला सुग्रीवच्याच मुन्शीनं सांगितलेला, हे मला लई उशिरा कळलं.

सुग्रीवच्या तिसऱ्याला गेले. त्याची भैन भिवराबाई माठ घेऊन आली. "लगीन केलं न्हाई. ह्येच घेऊन बसायचा. शंभराच्या फुडचं बी समदं बघितलं त्यानं."

मी एक चिंचोका उचलला अन गिळला. घशात अडकत अडकत गेला.

"अगं, हे कावून?" भिवराबाई घाबरली.

"आता दोन सारके ढीग व्हतील," मी म्हनलं. "पन वाटून घ्यायला ऱ्हायलंय कोन?"