फोनमधलं आईचं रेटिंग

पत्त्यांत मी बऱ्याचदा हरते आणि मला हरायला मुळीच आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

इथे अमेरिकेत, प्लेनोला आल्यावर मला फोनवर पेशन्स खेळायचा नाद लागला, तोही पैसे लावून. सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचले की पहिल्या मीटिंगला दहा मिनिटं असतात, तेवढ्यात एक डाव होतो. थोडीशी प्रवेश फी भरायची. समोर कोणीतरी अनोळखी खेळाडू असतो. तो दिसत नाही, त्याच वेळी खेळत असेल असंही नाही. पण दोघांना पानं अगदी एकाच क्रमानं लावलेली मिळतात आणि घड्याळ दोघांना सारखंच. ज्याचे गुण जास्त, बक्षीस त्याचं. कंपनी स्वतःचा वाटा काढून घ्यायला विसरत नाही.

मागच्या वर्षी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी राहायला आली. तिच्या पर्समध्ये कडा मऊ पडलेला पत्त्यांचा कॅट कायम असतो. आम्ही कामावर गेलो की ती पलंगावर चादर ताणून पेशन्स मांडायची. एका शनिवारी ती माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली.

"काय करून राहिलीस तू? इस्पिकची नव्वी दिसत नाही का समोर?"

मी पैशांचं सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला. "म्हणजे जुगारच की!"

मग मी तिला सारखी पानं कशी मिळतात ते समजावलं.

"दोघींना सारखीच?" तिनं दोनदा विचारलं. समोर खेळणारी बाईच असणार, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. "मग नशिबाचं नाव घ्यायचं नाही. दे इकडे."

खातं ज्याचं, त्यानंच खेळायचं असा नियम आहे. सगळे करतात तसं मीही तो न वाचताच 'मान्य'वर बोट टेकवून पुढे गेले होते. आमच्या घरात चार्जर, शाल, डोकेदुखीचं मलम, सगळं सगळ्यांचं. खातं तेवढं एकटीचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आईचा खेळ बघणं म्हणजे शिक्षा होती. डाव उघडला की ती हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसायची. घड्याळ पळतंय आणि ही शांत. "आई, वेळ चाललाय!" मी ओरडायचे. "तू गप्प बस." मग एकदम तिचं बोट सुटायचं आणि मला पानं दिसेनाशी व्हायची. "तू ढीग नीटनेटके करत बसतेस," ती मला म्हणायची. "आधी बंद पानं उघडावीत. एक्का कुठे पळून जातोय?" जिंकली की मात्र तिला समोरचीची दया यायची. "त्या बिचारीनं बदामाची राणी उचललीच नसणार."

सहा महिने संपले आणि ती नागपूरला परत गेली. मी पुन्हा पार्किंगमध्ये एकटी खेळायला लागले आणि ओळीनं हरायला लागले. समोरच्यांचे गुण माझ्या दुप्पट. हे अ‍ॅपच लबाड आहे, असं मी घरी जाहीर केलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," नवरा म्हणाला. मग त्यानं फोन हातात घेतला, जुने डाव चाळले आणि हसायलाच लागला. "अगं, हे लोक स्कोअर बघून ऑपोनंट मॅच करतात. तुझ्या अकाउंटवर रेटिंग आईंचं आहे. अ‍ॅपला वाटतंय, अजून आईच खेळतायत. हरत राहा, आपोआप खाली येईल."

म्हणजे आयत्या बिळावर नागोबा होऊन मी बसले होते आणि वर मार खात होते. तेव्हा मीही हसले. पण भांडी लावताना ते वाक्य परत आलं. अ‍ॅपला वाटतंय, अजून आईच खेळतायत. तिच्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल होतं, तिची चादर धुऊन घडी घालून ठेवली होती. ती गेली हे ज्याला कळलं नव्हतं, असं घरात तेवढं एकच उरलं होतं. मी खेळणं बंद केलं. राहू दे म्हटलं तिचं रेटिंग तसंच.

मग एका सकाळी तिचा फोन आला. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास कायमचा बंद केला होता. "आता तूच ये," ती म्हणाली. आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे, परत यायला तिथून जे व्हिसाचं स्टँपिंग लागतं त्याची तारीख मिळत नाही आणि गेले तर परत येता येईल असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. हे सगळं तिला माहीत आहे, तरी ती म्हणाली. मी "बघते" म्हटलं.

तिला तिथून खेळता येत नाही. फोन कुठे आहे ते अ‍ॅप आधी तपासतं. इथल्याच काही राज्यांत पैशाचे डाव चालत नाहीत, तिथे नागपूर कुठलं चालणार? एकदा लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावून मी तिला पानं दाखवली. तिचं "लाल सत्ती उचल!" माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा वेळ संपला होता.

त्यानंतर मी रोज खेळायला लागले. आईच्या तोलाची माणसं तिथे तरी भेटायची. त्यांचे गुण बघून मला वाटायचं, हिनंही आधी हात मांडीवर ठेवून नुसतं बघितलं असेल. पण प्रत्येक हरलेल्या डावागणिक रेटिंग उतरत होतं. नुसतं ठेवावं तर भेट नाही, खेळावं तर संपत जातं. मला तिची इतकी आठवण यायची की मी खेळत राहिले.

गेल्या मंगळवारी मी जिंकले. आनंदानं गाडीत हात वर केले आणि मग समोरच्याचे गुण बघितले. अगदी बेताचे, माझे असतात तसेच. रेटिंग आता माझंच होतं.

तसाच आईला फोन लावला. तिथे संध्याकाळ होती.

"जिंकलीस? अगंबाई! बंद पानं आधी उघडलीस ना?"

"हो."

"बघ. आता मी तिथे नसले तरी चालतंय तुझं."

"नाही चालत गं," मी म्हटलं.