पाण्यात शिरलेली वाट आणि दोन जीपीएस

माकणीच्या धरणाकाठी आज सकाळी नकाशातली वाट थेट पाण्यात शिरली. ती वाट खरी असल्याचा दुजोरा माझ्या बायकोनं दिला.

कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवायला जीपीएस घ्यायचा आहे, म्हणून मित्रांकडून दोन मागून आणले होते. माझ्या यंत्रात तिथं निळं पाणी दिसत होतं, तिच्या यंत्रात वाट.

"तुझं यंत्र बाद. बुडवायला निघालंय," मी म्हणालो.

"अहो, ही आमच्या शेताची वाट हाय. आप्पांच्या सायकलवर पुढं बसून मी इथनंच जायची."

धरणात तिच्या वडिलांचं, आप्पांचं शेत गेलं तेव्हा ती लहान होती. पडद्यावरच्या त्या बारीक रेघेकडं ती बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, "घ्यायचं तुमचंच. पाणी न दाखवणारा नकाशा घेऊन तुम्हाला एकट्याला सोडणार न्हाय मी. पण ही रेघ त्यात काढून द्या."

काठावर बसूनच काढली. स्वतःच्या वाटा नोंदवता येतील असंच यंत्र घ्या, एवढं सांगेन. तुम्ही कुठली वाट नोंदवाल?

मे महिन्यात पाणी उतरलं की ही वाट उघडी पडते, असं काठावरचे मासेमार सांगतात. तेव्हा बायकोची सायकल पुढं असेल आणि माझी मागं.