ताटाशेजारची दोन बोटं

बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीतून सगळ्यात आधी जो माणूस उतरला, तो माझ्या ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे, त्याचं नाव-गाव मला ठाऊक नव्हतं. पण हरायला लागला की त्याचा खालचा ओठ दातांखाली जातो, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

ते मुलाचे वडील होते. दिंद्रुडचे, निवृत्त मुख्याध्यापक. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. बाबा फाटकापर्यंत सामोरे गेले, हात जोडले, आणि मी पाण्याचा तांब्या हातात धरून दारातच थिजलो. आई मागून हळूच म्हणाली, "पाणी दे की. कावून हुबा राहिलास?"

मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या घेताना माझ्याकडे बघितलं, आणि ओळख काही लागली नाही. लागणारही नव्हती. तिकडे मी टोपी घालतो, दाढी ठेवतो, जाड काड्यांचा चष्मा लावतो. घरी परळीला येताना हे सगळं उतरवून येतो.

घरी माझ्याबद्दल सगळ्यांना एवढंच माहीत होतं की पोरगा गोव्यात एका मोठ्या हॉटेलात हिशेब बघतो. खरं म्हणजे मी ब्लॅकजॅक खेळतो. हौस म्हणून नाही, पोटासाठी. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स धरायची, पुढं गोवा, आणि मग नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर भर दुपारी जाऊन बसायचं. दुपारी गर्दी नसते. लोकांना वाटतं तिथं नुसती चैन असते. मी तिथं पाण्याशिवाय काही पीत नाही आणि घरी परततो तेव्हा माझी मान आखडलेली असते.

खेळ तसा सोपा. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण वर जाऊ द्यायची नाही. लढत फक्त पत्ते वाटणाऱ्याशी. माझं काम असतं गेलेले पत्ते मोजण्याचं. लहान पत्ता गेला की मनात एक वाढवायचा, मोठा गेला की एक उतरवायचा. आकडा चढला म्हणजे मोठे पत्ते अजून गठ्ठ्यात शिल्लक आहेत. मग डाव मोठा लावायचा. मोजणं हा गुन्हा नाही, पण कॅसिनोवाल्यांना ते खपत नाही. कळलं की खांद्यावर हात पडतो, "सर, बाकी काहीही खेळा, हे नको," आणि ते जहाज तुम्हाला कायमचं बंद. माझी दोन जहाजं तशी गेली आहेत. म्हणून चेहरा पडू द्यायचा नाही, ओठ हलू द्यायचे नाहीत, आणि समोरच्याला वाटलं पाहिजे की हा आणखी एक बावळट इथं पैसे उडवायला आलाय.

मोजायची सवय परळीचीच. लहानपणी मी आणि बहीण रेल्वेच्या फाटकाशी उभे राहून थर्मलच्या वीजकेंद्राला जाणारे-येणारे कोळशाचे डबे मोजायचो. भरलेले ती मोजायची, रिकामे मी. मध्येच बोलून मी तिला चुकवायला बघायचो, आणि चुकायचो मीच. ती आज अंबाजोगाईला नर्स आहे, मी हा असा.

तर हे मुख्याध्यापक. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ते माझ्या शेजारी येऊन बसले होते. आधी हिंदीत बोलले, मग माझी हिंदी ऐकून हसले आणि म्हणाले, "आमच्या बीडकडले दिसता." मी सोलापूर सांगून मोकळा झालो. त्यानंतर ते बोललेच नाहीत, कारण हरायला लागले. डाव हरला की पुढचा दुप्पट लावायचा, तोही हरला की पुन्हा दुप्पट. तसल्या माणसाला ऊठ म्हणायचं नसतं. एक तर दुसऱ्याच्या डावात बोलायचं नाही हा आमचा रिवाज. आणि दुसरं, असा माणूस शेजारी असला की देखरेख करणाऱ्यांचे डोळे त्याच्यावर राहतात. मला निवांत मोजता येतं. मी त्या दिवशी निवांत मोजलं.

आता ते आमच्या बैठकीत पंख्याखाली बसले होते आणि त्यांच्या घरात माझी बहीण जायची होती.

आमच्याकडे अशा वेळी आधी मेणबत्ती लावून बुद्धवंदना होते. सगळे उभे राहिले, त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा मुख्याध्यापकांचा आवाज खणखणीत लागला. वर्गात म्हणून घ्यायची सवय असणार. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही, कारण मीही तेच म्हणत होतो आणि माझाही आवाज कापत नव्हता.

मुलगा चांगला होता. ते बघून मला जास्तच राग आला. कमी बोलणारा, बहिणीनं विचारलं त्याचं सरळ उत्तर देणारा. ती त्याच्याशी फोनवर आधी बोलली होती आणि तो तिला आवडला होता. आईनं मला स्वयंपाकघरात ओढून हे दोनदा सांगितलं. बाबा तर खुशीतच होते. थर्मलमधून निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मी सांगू तरी काय? तुमचे व्याही जुगारी आहेत म्हटलं की पहिला प्रश्न माझ्याच अंगावर येणार: तुला कसं ठाऊक?

मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "तुमी कोन्त्या हाटेलात असता?"

मी एक नाव ठोकून दिलं. "नदीकाठचं का?" ते म्हणाले.

"न्हाई, आतल्या बाजूला हाय."

"आमी गेलतो एकदा. सहलीला." एवढं बोलून त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली आणि पावसापाण्याचं काढलं.

मग पंगत बसली. बैठकीतच सतरंज्या टाकल्या. एका बाजूला पाहुणे, समोर आम्ही. बरोबर माझ्यासमोर मुख्याध्यापक आले. मी जागा बदलायला बघत होतो, पण बाबांनी खांदा दाबून बसवलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्लॅकजॅकच्या टेबलावर तोंडाला किंमत नाही. वरच्या कॅमेऱ्यांना दिसलं पाहिजे म्हणून सगळं हातानं सांगावं लागतं. पत्ता हवा असेल तर टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायची. नको असेल तर पंजा पालथा करून पत्त्यांच्या वरून आडवा फिरवायचा, ओटा पुसल्यासारखा. तुम्ही बोंबलून सांगितलंत तरी हात हलेपर्यंत वाटणारा ढिम्म बसतो.

बहीण भात घेऊन आली. नको असेल तर आपल्याकडे माणूस दोन्ही हात ताटावर धरतो, पुढं वाकतो, "बास, बास" म्हणतो, आणि तरी वाढणारा वाढतोच. मुख्याध्यापकांनी तसलं काही केलं नाही. मान वर न करता त्यांनी पंजा पालथा केला आणि ताटावरून आडवा फिरवला. एकदाच, सराईत. एकदा-दोनदा सहलीला गेलेल्याचा हात असा फिरत नाही. हा हात हिवाळ्यानंतरही तिकडे जात राहिला होता.

त्या हाताकडे बघत असतानाच बहीण माझ्यासमोर आली. "दादा, भात?" तिनं विचारलं, आणि माझी दोन बोटं ताटाशेजारी फरशीवर वाजली. टकटक.

मी ते केलं हे मला आवाज ऐकून कळलं. बहीण चमचा हातात धरून थबकली. समोर मुख्याध्यापकांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. दाढी, टोपी, चष्मा एकेक करून ते माझ्या तोंडावर चढवत असावेत. खालचा ओठ दातांखाली गेला. मी भात खाल्ला. कसा खाल्ला ते विचारू नका.

हात धुवायला मोरीपाशी ते माझ्या मागोमाग आले. नळ मोठा सोडला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी सोलापूरचे न्हाईत तर."

मी नळाखाली हात चोळत राहिलो.

"भिऊ नका. घरातलं घरात राहील. तुमच्या वडलांना आमच्याकडून काई कळायचं न्हाई, आन् आमच्या पोराला तुमच्याकडून. पोरगी सुखात राहील, शब्द देतो." त्यांनी टॉवेलला सावकाश हात पुसले. मला वाटलं, संपलं. पण ते अजून जवळ आले. "फक्त एक करा. तुमी कसं जिंकता ते मला शिकवा. लई जीव लावून खेळतो मी, पर जमंना."

इतका वेळ मला त्यांची भीती वाटत होती. त्या वाक्यानंतर ती भीती जागच्या जागी राहिली आणि तिच्या शेजारी दया येऊन बसली, जी मला नको होती.

पाहुणे गेल्यावर मी गच्चीवर गेलो. बहीण दोरीवरचे कपडे काढून झटकत होती. आमच्याकडे थर्मलच्या राखेमुळे कपडे झटकल्याशिवाय घडी घालत नाहीत. तिनं एक चादर झटकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ते टकटक काय होतं? आन् त्यांनी हात तसा कावून फिरवला?"

फाटकाशी उभं राहून मी तिला कधी चुकवू शकलो नव्हतो. आजही प्रयत्न केला नाही. सगळं सांगितलं: जहाजं, पत्ते, मोजणं, शेजारी बसलेले मुख्याध्यापक, मोरीपाशी झालेलं बोलणं. ती चादरीची टोकं जुळवत ऐकत होती. चेहरा उतरत गेला तसा मला स्वतःचाच इतका राग आला की मी कठड्यावर हात आपटला.

"थांबतील का ते?" तिनं विचारलं.

तिला तो मुलगा आवडला होता, हे मला दिसत होतं. हो म्हणायला मला काय लागलं असतं? पण अशी माणसं मी रोज बघतो. शिकवा म्हणणारा माणूस थांबायचा विचार करत नसतो.

"न्हाई," मी म्हणालो.

"आन् तू?"

"माझं येगळं हाय. मी मोजतो. माझं ते काम हाय."

"काम हाय तर घरी सांगितलं का न्हाईस?" घडी घातलेली चादर तिनं माझ्या हातात दिली. "मी त्या घरात जाणार न्हाई. पर कावून ते बाबाला तू सांगायचं. मी न्हाई सांगणार."

बाबा बैठकीत सतरंज्या गुंडाळत होते. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसलो आणि सांगितलं. ते चिडतील, ओरडतील, एखादी ठेवून देतील, याची मी तयारी केली होती. त्यांनी सतरंजी अर्धी गुंडाळलेली तशीच मांडीवर धरून ठेवली. आई दारात आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

मग बाबांनी फोन उचलला. दिंद्रुडला लावला. "सर, माफ करा, आमच्या पोरीचं मन न्हाई," एवढंच म्हणाले. पलीकडून कारण विचारलं जाईल म्हणून आम्ही सगळे कान देऊन होतो. पलीकडून कोणी काही विचारलं नाही. बाबांनी फोन खाली ठेवला.

"तिथं तो मानूस तुझ्या शेजारी बुडत होता," ते म्हणाले, "तवा तू त्याला उठवलं का न्हाईस?"

"तसं करत न्हाईत, बाबा. दुसऱ्याच्या डावात बोलत न्हाईत."

"कावून?"

उत्तर माझ्याकडे होतं. तो बुडत होता म्हणून मला कोणी बघत नव्हतं, हे ते उत्तर. ते मी दिलं नाही. बाबांनी वाट पाहिली आणि उरलेली सतरंजी गुंडाळायला घेतली.

संध्याकाळी पाहुण्यांचं उरलेलं अन्न आम्ही खालमानेनं खात होतो. बहिणीचे डोळे सुजले होते, तरी वाढत तीच होती. भाताचं पातेलं घेऊन माझ्यासमोर आली. बोटं पुन्हा वाजतील म्हणून मी घाईनं दोन्ही हात ताटावर धरले, अगदी सगळे धरतात तसे.

"तोंडानं सांग," ती म्हणाली. "हातानं नको."

"बास. नको भात."

"भाताचं न्हाई इचारलं. गच्चीवर तुझं इचारलं ते सांग."

बाबांचा घास थांबला. आई माझ्याकडे बघत होती. माझी बॅग दाराशी भरून ठेवलेली होती, वरच्या कप्प्यात टोपी आणि चष्मा. खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या घरात ते बोलायला मी चांगलाच सरावलेला होतो. पण तिनं त्या दिवशी माझ्या एका शब्दावर स्वतःचं लग्न मोडलं होतं.

"मी न्हाई थांबणार," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, माझे हात ताटावरून बाजूला केले आणि भात वाढला.